काठी बसली की दर्या बंद

फार पूर्वी एका किनाऱ्यावर कोळ्यांचं एक गाव होतं, आणि त्या गावाला कायदा एकच होता. इतर गावांत कायदे ढीगभर असतात आणि पाळत कुणी नाही. या गावाचा कायदा एका ओळीचा होता आणि तो लहानथोर सगळे पाळत. "काठी बसली की दर्या बंद." पूर्वजांनी एवढंच सांगून ठेवलं होतं.

काठी म्हणजे काय, हे विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याला गाव हसलं असतं. पश्चिमेच्या आभाळात तीन तारे एका रेषेत उभे असतात, ती काठी. उन्हाळा तापला की संध्याकाळी ही काठी दर्याकडे रोज थोडी खाली उतरे. मग एक संध्याकाळ अशी येई की सूर्य बुडून अंधार पडला तरी काठी दिसतच नसे. बसली! त्यासरशी कातळावरचा मोठा नगारा वाजे, समुद्रावरच्या सगळ्या होड्या परत फिरत, वाळूवर ओढल्या जात आणि झावळ्यांनी झाकल्या जात. पुढे वादळपावसाचे दिवस. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कुणी होडीला हात लावत नसे. एकदा नगारा वाजल्यावर होडी पाण्यात घालणं हे त्या गावात आईला शिवी देण्याइतकं वाईट मानत.

सगळं कसं नीट होतं. एकच गोष्ट नीट नव्हती. दर वर्षी काठी बसायच्या आधी, शेवटच्या दिवसांत कधीतरी वादळ उठे आणि एखादी होडी परत येत नसे. कधी दोन.

गावाने त्याला नाव दिलं होतं, 'दर्याचा वाटा'. एकदा नाव दिलं की गोष्ट समजली असं माणसाला वाटतं, आणि मग तो पुढचं काही विचारत नाही. दर्या आपल्याला वर्षभर खायला घालतो, तो आपला वाटा घेणारच, असं गावचे पाटील सांगत. ज्या घरचा माणूस जाई त्या घराला मान मिळे. झेंडूचा एक जाड हार पाटील स्वतः त्या घरी नेऊन देत आणि घरातल्या बाईने तो देवाच्या काठीला घालायचा. हार आधीच गुंफून तयार ठेवलेला असे. कुणाच्या घरी जाणार, तेवढंच ठरायचं बाकी असे.

देवाची काठी म्हणजे देवळापुढच्या अंगणातला उंच, सरळसोट सागवानी खांब. त्याच्या बुंध्याशी चारी बाजूंनी एक दगडी पाट होता. पाट कशासाठी, हे कुणाला ठाऊक नव्हतं. देवाचा म्हणून त्यावर कुणी बसत नसे.

नगाऱ्याचा मान येसूच्या घराण्याचा होता. बाप गेल्यावर धाकटा भाऊ तांडेल होऊन होडी घेऊन समुद्रावर जाऊ लागला, तेव्हा नगाऱ्याच्या टिपऱ्या येसूच्या हातात आल्या. येसूला लहानपणापासून दोनच नाद. एक भोवरा आणि दुसरा 'का?' विचारण्याचा. भोवऱ्याचा नाद लग्नानंतर सुटेल असं आईला वाटलं होतं, 'का?'चा नाद नवरा सोडवील असं बापाला वाटलं होतं. दोघांचाही अंदाज चुकला. चांगली मोठी बाई झाली तरी तिच्या कमरेला भोवरा खोचलेलाच असे.

तिचा नवरा दर्याच्या वाट्याला गेला होता. त्या संध्याकाळी वारा फिरलेला तिला कळला होता. ती टिपऱ्या घेऊन नगाऱ्यापाशी उभी राहिली. पाटलांनी आभाळाकडे बोट केलं आणि म्हणाले, "अजून काठी उभी आहे. नगारा नाही." तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचं एक वल्हं तेवढं वाळूवर आलं.

पाटील हार घेऊन दारात आले. येसू म्हणाली, "पाटीलबाबा, वाटा मागून घेतात. हा कुणी मागितला? मी तरी दिला नाही."

आणि तिने तो हार शेळीपुढे टाकला. शेळीला मानापमानाचं काही नव्हतं, तिने आवडीने खाल्ला. तेव्हापासून गाव येसूला जरा वचकून असे.

मग एका वैशाखात, भर दुपारी, गावातल्या बाया देवळाच्या अंगणात मासळी वाळत घालत होत्या. पिण्याच्या पाण्याचं मडकं नेहमी देवाच्या काठीच्या सावलीत ठेवत. मडक्यापुरती सावली तिथे मिळे, आणि सावली सरकेल तसं मडकं सरकवायचं. त्या दुपारी येसूच्या म्हाताऱ्या आत्याने मडकं उचललं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि वैतागून खाली ठेवलं.

"आज पाणी गरमच प्यायचं गो बायांनो. काठी बसली."

येसूचा हात मासळीवरच थांबला. "काय म्हणालीस आत्या?"

"काठी बसली. बघ ना, सावली पाटावर येऊन बसली. इकडे नाही की तिकडे नाही. सूर्य बरोबर डोक्यावर आलाय. आता उद्यापासून दुपारची सावली पलीकडच्या अंगाला जाईल. माझी सासू असंच म्हणायची, तिची सासूही असंच म्हणायची."

"आणि हे पुरुषांना कधी सांगितलं नाहीत?"

"त्यांनी कधी विचारलं? दुपारी ते एकतर समुद्रावर, नाहीतर घोरत पडलेले."

बाया हसल्या. येसू हसली नाही. ती पाटाजवळ जाऊन उभी राहिली. काठीची उन्हातली सावली अंगणभर कुठेच नव्हती. होती ती सगळी पाटाच्या आत, बुंध्याला चिकटून, जेवायला बसलेल्या माणसासारखी बसलेली. आणि बसण्यासाठीच तर पाट मांडतात!

संध्याकाळी ती कातळावर गेली. आभाळातली काठी दर्याच्या कितीतरी वर, आरामात उभी होती. तिला बसायला अजून पुष्कळ दिवस होते.

येसू तशीच पाटलांच्या घरी गेली.

"पाटीलबाबा, अंगणातला पाट पूर्वजांनी कुणासाठी मांडला?"

"देवासाठी."

"देव देवळात बसतो. अंगणात कोण बसतं?"

पाटील रागावले. "सरळ बोल."

"काठी बसली म्हणजे ही काठी बसली. आपली, अंगणातली. आज दुपारी बसली. दर्या आज बंद व्हायला हवा होता."

"खुळी आहेस. काठी आभाळातली. आमच्या आज्या-पणज्यांनी तीच पाहिली."

"त्यांच्या वेळी दोन्ही काठ्या एकाच दिवशी बसत असतील. दुपारी बायांनी ही पाहिली, संध्याकाळी पुरुषांनी ती पाहिली, आणि तिचंही नाव काठी ठेवलं. पुढे आभाळातली मागे पडत गेली. तुम्ही मागे पडणारीच्या मागे राहिलात."

"तारे कधी मागे पडतात काय?"

येसूने कमरेचा भोवरा काढला. "देवाने जग कसं सोडलं, सांगा."

"भोवऱ्यासारखं. दोरी गुंडाळली आणि सोडलं. हे शेंबडं पोरही सांगेल."

"सरळ की कलतं?"

"कलतं. देवाला घाई होती. म्हणून तर सूर्य कधी आपल्या डोक्यावर येतो, कधी दूर दक्षिणेला जातो. सरळ सोडलं असतं तर बारा महिने एकच ऋतू राहिला असता."

गावातली ही गोष्ट तशी खरीच आहे, देवाची घाई तेवढी सोडून द्या. पृथ्वी कललेली आहे. कललेलीच सूर्याभोवती फिरते, म्हणून अर्धं वर्ष तिचं एक टोक सूर्याकडे झुकलेलं असतं आणि अर्धं वर्ष दुसरं. आपला उन्हाळा, पावसाळा, थंडी, सगळी त्या झुकण्याची कमाई. आणि दुपारची सावली त्या झुकण्याचंच माप दाखवते. म्हणून सावली ऋतूला सोडून कुठे जाऊ शकत नाही.

येसूने पाटलांच्या ओटीवर भोवरा सोडला. तो कलून गुणगुणू लागला.

"आता खालच्या आरीकडे बघू नका. डोक्याकडे बघा."

भोवऱ्याचं अंग भिरभिरत होतं, पण त्याचं कललेलं डोकं सावकाश, अगदी सावकाश एक गोल काढत होतं. आधी ते दाराकडे झुकलेलं होतं. मग झोपाळ्याकडे वळलं. मग पाटलांकडे.

"भोवरा तोच आहे," येसू म्हणाली, "कलही तेवढाच आहे. पण डोकं फिरलं. या डोक्यावर एखादी मुंगी बसली असती तर तिला काय वाटलं असतं? ओटीवरचा झोपाळा सरकला असं वाटलं असतं. आपण त्या मुंग्या आहोत. जगाचं डोकं फिरतंय आणि आपल्याला तारे सरकलेले दिसताहेत. माझ्या आज्याला कळलं नाही, त्याच्या आज्याला कळलं नाही, इतकं हळू."

"डोकं तुझं फिरलंय," पाटील म्हणाले.

येसू बरोबर बोलत होती. एका माणसाचं सगळं आयुष्य सरतं तेव्हा तारे ऋतूंच्या मागे जेमतेम एक दिवस पडतात. एका दिवसाने कुणाचं काय बिघडतं? पण त्या गावात कितीतरी आयुष्यं येऊन गेली होती आणि प्रत्येकाने आपला एक दिवस गुपचूप पुढच्याच्या पदरात टाकला होता. त्या साठलेल्या दिवसांत आता वादळ आरामात मावत होतं.

मग पाटलांनी जे विचारलं ते येसूला अपेक्षित नव्हतं.

"माझा हरबा गेला, तो दर्याचा वाटा नव्हता म्हणतेस?"

हरबा पाटलांचा एकुलता एक मुलगा. येसू लहान होती तेव्हा गेला होता. गावातला सगळ्यांत मोठा हार त्याच्या नावाचा होता.

"नाही, पाटीलबाबा."

"मग काय होतं?"

"उशीर होता."

ती हे हळू आवाजात म्हणाली, पण म्हणाली. गोड बोलून वेळ मारून नेणं तिला जमलं असतं तर ती येसू कसली.

पाटील हा माणूस दुष्ट नव्हता. पण मुलगा दर्याला दिला या एका गोष्टीवर तो इतकी वर्षं उभा होता, आणि ही बाई ती गोष्टच पायाखालून ओढत होती. त्यांनी हात पुढे केला.

"टिपऱ्या दे. काठी उभी असताना नगारा वाजवील त्याने गाव सोडायचं, हा दंड तुला ठाऊक आहे. आता जा."

येसूने टिपऱ्या दिल्या. भोवरा उचलला आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी दर्या तेलासारखा शांत होता. सगळ्या होड्या पहाटेच गेल्या होत्या, भावाचीही. दुपारी येसू अंगणात आली. काठीची सावली पाटावरून उठून पलीकडच्या अंगाला बोटभर सरकली होती. सूर्य डोक्यावरून पुढे गेला होता. जगाने आपलं काम चोख केलं होतं, आणि आता काम येसूचं होतं.

ती घरी गेली. कोपऱ्यात नवऱ्याचं वल्हं उभं होतं. तिने ते खांद्यावर घेतलं आणि कातळाची वाट धरली.

"येसू, अगो काय करतेस?" बाया ओरडल्या.

"मागच्या वेळी ऐकलं, ते विसरायला निघालेय."

तिने वल्हं दोन्ही हातांनी उचललं आणि नगाऱ्यावर घातलं. टिपरीचा आवाज टणटणीत असतो. हा आवाज जाड होता, छातीत बसणारा, आणि तो थांबेचना. पाटील धावत येईपर्यंत समुद्रावरच्या सगळ्या होड्यांची तोंडं किनाऱ्याकडे वळली होती. नगारा वाजला की परत फिरायचं, का म्हणून विचारायचं नाही, हे खलाशांच्या हाडात मुरलेलं होतं.

किनाऱ्याला लागल्यावर मात्र सगळ्यांनी विचारलं. चांगली मासळी जाळ्यात यायला लागली होती आणि आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. शिव्यांचा पाऊस पडला. येसूचा भाऊ सगळ्यांत शेवटी आला. घामाने निथळत तो म्हणाला, "ताई, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"तोंड जागेवर आहे ना? मग पुढचं पुढे बघू," येसू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेल होड्या पुन्हा पाण्यात लोटायला निघाले. येसू वल्हं आडवं धरून वाटेत उभी राहिली.

"नगारा वाजलाय. नारळ न देता जाणार?"

"तू खोटा वाजवलास!"

"वाजला की नाही वाजला?"

सगळे पाटलांकडे बघू लागले. पाटील अडकले. वाजलेला नगारा परत घेण्याची रीत त्या गावात नव्हती. ज्या कायद्याच्या जिवावर ते येसूला गावाबाहेर काढणार होते, त्याच कायद्याने दर्या बंद झाला होता. त्यांनी मान खाली घातली. "होड्या वर घ्या," ते म्हणाले. "आणि येसू, तू बोचकं बांध."

"बांधते. पण दंड काठी उभी असताना नगारा वाजवणाऱ्याला आहे. आधी कुठली काठी, ते ठरू दे. आभाळातली बसेपर्यंत मी इथे बसते. तोवर दर्या असाच शांत राहिला तर हाकलायला कुणी येऊ नका, माझी मी जाईन."

असं म्हणून ती सरळ अंगणात गेली आणि देवाच्या पाटावर मांडी घालून बसली. लोकांनी तोंडावर हात ठेवले. कुणाला तिला उठवायचा धीर झाला नाही.

मग दिवस जाऊ लागले. दर्या कधी नव्हे इतका शांत राहिला. किनाऱ्यावरून मासळीच्या उड्या दिसत. लोक मागच्या वर्षीचं सुकट खात, समोरच्या ताज्या मासळीकडे बघत आणि येसूला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत. पोरांनी तिच्यावर गाणं रचलं. आत्या तेवढी रोज भाकरी आणून देई आणि म्हणे, "म्हटलंच कशाला मी ते सावलीचं!"

येसूला भीती वाटत होती. दर्याची कधी वाटली नव्हती, पण या शांततेची वाटत होती. आपण वादळाची वाट बघतोय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. वादळ मागायचं नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं. पण पाटावरून ती उठली नाही.

एका संध्याकाळी सूर्य बुडाला आणि तिन्ही तारे दर्याच्या वर लखलखीत उगवल्यासारखे दिसू लागले. अजून उभेच होते. गावातले लोक त्यांच्याकडे बघायला किनाऱ्यावर जमले होते, कारण आता थोडेच दिवस उरले होते आणि येसूला घालवायची सगळ्यांना घाई झाली होती.

तेवढ्यात वारा पडला. माडाची एक झावळी हलेना. कुत्री शेपट्या पायांत घालून घरांत शिरली. ताऱ्यांच्या खाली, जिथे दर्या संपतो तिथे, काळं काहीतरी उभं राहिलं आणि वर वर चढू लागलं. त्याने खालचा तारा गिळला, मग मधला, मग वरचा. सगळं गाव बघत होतं. काठी बसली नव्हती. काठी उभी होती आणि वादळ तिच्यासकट सगळं खात किनाऱ्याकडे येत होतं.

"होड्या बांधा!" पाटील ओरडले, आणि सगळे धावले.

ते वादळ कसं होतं हे सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी पाहिलं ते त्याविषयी बोलत नसत. माड मोडले, छपरं उडाली, कातळावरचा नगारा समुद्रात गेला तो परत सापडला नाही. दोरांनी बांधलेल्या होड्या वाळूवर एकमेकींवर आपटून फुटल्या. त्या होड्यांत त्या वेळी माणसं असती तर गावात पुरुषच उरला नसता.

सकाळी पाटील घरोघर गेले. हाका मारून त्यांनी प्रत्येक घरातल्या माणसांना बाहेर बोलावलं. सगळ्या घरांतून सगळी माणसं बाहेर आली. येसूचा भाऊ डोक्याला फडकं बांधून आला. तयार करून ठेवलेला हार पाटलांच्या हातात होता, आणि तो द्यायला घर नव्हतं. गावच्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं.

ते अंगणात आले. येसू भिजलेली, पाटावर तशीच बसलेली होती. पाठीला काठी आणि मांडीवर वल्हं. पाटलांनी कमरेच्या टिपऱ्या काढून तिच्यापुढे ठेवल्या. नगारा गेला हे त्यांच्या लक्षातच नव्हतं.

मग ते उभेच राहिले. शेवटी म्हणाले, "माझा हरबा पोहायला फार चांगला होता गो."

आणि म्हातारा रडू लागला. मुलगा गेला त्या दिवशी तो रडला नव्हता. दर्याचा वाटा दिलेल्या माणसाने रडायचं नसतं, अशी तिथली रीत होती. इतक्या वर्षांनी तो पहिल्यांदा नुसता एक बाप म्हणून रडला.

येसू पाटावर थोडी सरकली आणि तिने जागा करून दिली. पाटील देवाच्या पाटावर तिच्या शेजारी बसले. हार दोघांच्या मध्ये पडला होता. थोड्या वेळाने शेळी आली आणि तिने तो खायला सुरुवात केली. तिला कुणी हाकललं नाही.

नवा नगारा झाला. तेव्हापासून दर वैशाखात सगळं गाव, पुरुषसुद्धा, भर दुपारी अंगणात जमतं. सावली पाटावर येऊन बसली की गावातली सगळ्यांत म्हातारी बाई म्हणते, "काठी बसली," आणि नगारा वाजतो. दर्याचा वाटा हे शब्द त्या गावात आता कुणाला माहीत नाहीत. कायद्यात मात्र येसूने एक ओळ वाढवली, आणि ती पोरांकडून पाठ करून घेतात: "कुठली काठी, हे ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी बघावं. आमच्यावरही विसंबू नये."

तात्पर्य: जी चूक एका जन्मात एकच दिवस सरकते तिला लोक रीत म्हणू लागतात आणि तिच्या बळींना मान देऊ लागतात; अशा वेळी हार स्वीकारू नये, नगारा वाजवावा.